मिलिंद, तुझ्या धुराखालचा खड्डा

मिलिंद,

तुझ्या जलदान विधीला बंडूभाऊ आला होता. पांढरा सदरा, हातात मेणबत्त्यांचा पुडा. तुझ्या फोटोपुढे वाकला, करुणावहिनींसमोर हात जोडून उभा राहिला, डोळेही पुसले. खोटं रडला असं मी म्हणणार नाही. पण चपला घालता घालता माझ्या कानाशी आला आणि म्हणाला, "शेठ, तेवढं गॅसच्या मेन वालचं हँडल मिलिंदभाऊच्या घरी असंन. इचारून ठेवजो जरा. सीझन तोंडावर हाय."

भंतेजींची गाथा अजून मांडवात चालू होती. हँडल कुठे आहे ते मला माहीत होतं. तुझ्या पुढच्या दारामागे, छत्रीच्या खिळ्याला.

लोक म्हणतात, काय सोन्यासारखं मरण आलं माणसाला. सकाळी चहा हातात घेऊन अंगणात बसला आणि बसल्या बसल्या गेला, कोणाला त्रास नाही. मला मात्र तुझा राग येतो. आदल्या दिवशी दुकानातून जाताना तूच म्हणाला होतास, "उद्या चहाले ये शेठ, काय करायचं ते ठरवू." मी आलो, तेव्हा तुमच्या फाटकाशी माणसं जमली होती. असं अर्धं बोलणं टाकून कोणी जातं का?

मी तसा सिलिंडर विकणारा माणूस. वेल्डिंगवाले, सोडावाले, दवाखाने, सगळे माझे गिऱ्हाईक. तू गॅसच्या लायनी आखणारा. वर्ध्यात आणि आसपास दवाखान्यांत ऑक्सिजनच्या ज्या नळ्या भिंतींतून पलंगापर्यंत जातात, त्यातल्या कितीतरी तुझ्या हातच्या. ज्या वर्षी सगळीकडे ऑक्सिजनची बोंब होती, त्या वर्षी माझी बायको शोभा ज्या पलंगावर होती तिथली लाइनही तूच टाकलेली. तू तिच्या उशाशी नळीतला आवाज ऐकून मला सांगायचास, प्रेशर बरोबर आहे, घाबरू नको. ती घरी आली. त्याबद्दल मी तुला कधी काही बोललो नाही, आणि बोललो असतो तर तू विषय बदलला असतास. आता बोलतो. तुझे उपकार आहेत माझ्यावर.

असा माणसाला श्वास पोचवणारा तू, तुझ्याकडे बंडूभाऊ धूर मागायला आला.

बायपासवर त्याचं लॉन. लग्नाचे हॉल झाले उदंड, म्हणून त्याला काहीतरी वेगळं हवं होतं. स्टेजच्या मधोमध त्याने चांगला माणूस बुडेल एवढा खड्डा खोदून घेतला, त्यात लिफ्टची फळी बसवली. नवरीने खाली उभं राहायचं, वरून पांढरे लोट उसळायचे आणि त्यातून ती हळूहळू वर यायची. नागपूरच्या कोणीतरी बसवून दिलेलं काम फसलं होतं. साधे सिलिंडर, बारीक नळी. जोराने गॅस सोडला की रेग्युलेटर गोठून पांढरा पडायचा, धूर अर्ध्यावर मरायचा, आणि नवरीच्या आधी लिफ्टची चाकं दिसायची. पाहुणे हसले होते म्हणे.

तुला ते काम फार आवडलं. कबूल कर. माझ्या काउंटरवर जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर चित्रं काढत बसायचास. "शेठ, फ्लो पाहिजे, फ्लो. गॅस नाई, द्रव वर आला पाहिजे. पोटात नळी असलेले सिलिंडर आणजो." मग त्या सिलिंडरची एक रांग, जाड पाइप, जिथे जिथे द्रव दोन वालांच्या मधे अडकून फुगू शकेल तिथे तिथे सुटकेचा वाल. एकही जागा सोडली नाहीस. आणि त्या चित्राच्या तळाला, खड्ड्यात, एक पंखा काढला होतास. हा गॅस, सोड्यातला कार्बन डायऑक्साइड, हवेपेक्षा जड. धूर दिसेनासा होतो, गॅस कुठे जात नाही, उतार सापडेल तिकडे पाण्यासारखा वाहतो आणि खोलात बसून राहतो. पंख्याने तो बाहेर ओढायचा होता.

पंखा बसला आणि दुसऱ्याच दिवशी निघाला. मंगलाष्टकं म्हणणाऱ्यांच्या माइकमध्ये त्याची घरघर येत होती. बंडूभाऊ म्हणाला, बिगर आवाजाचा आणतो. तोवर काय? तोवर तू आणि त्याने मिळून एक नियम केला की नवरीने फक्त वर यायच्या वेळेलाच खाली उतरायचं, पटकन उभं राहायचं, पटकन वर. तू हिशेब करून सांगितलंस, एवढ्या वेळात काही होत नाही. हिशेब चोख होता. मी तेव्हाही तुला चिडवलं होतं, आठवतं? म्हटलं, मिलिंद, तू जन्मात कधी वेळेवर लागलेलं लग्न पाहिलंस का? तू हसलास. मीही हसलो. आपल्याकडच्या लग्नात 'पटकन' नावाची गोष्ट गृहीत धरणारी सिस्टीम फक्त आपल्याच गावात होऊ शकते.

मग ते लग्न आलं. तू धूर कसा येतो ते बघायला गेला होतास आणि जेवणाच्या आशेने मला सोबत नेलं होतंस. नवरी खाली उतरली. वर तिचा हात धरायला मामा हवा, आणि मामा रुसून पार्किंगमध्ये गाडीत बसलेला. मुलाकडच्या सगळ्यांना फेटे बांधले, त्याला कोणी विचारलं नाही. मोठी माणसं त्याची समजूत काढायला गेली, फेटेवाला शोधायला एक जण पळाला, आणि इकडे पाहुण्यांची पोरं कंटाळली म्हणून ऑपरेटर अधूनमधून धुराचा एक एक फवारा सोडत राहिला. पोरं नाचत होती. धूर स्टेजवर पसरायचा, खड्ड्याच्या तोंडाशी जायचा आणि आत उतरून दिसेनासा व्हायचा.

मेकअपवाली खालून शिडीने वर आली. डोकं दुखते म्हणाली. तेव्हा तू माझा दंड धरलास.

तू धावत जाऊन ऑपरेटरला लिफ्ट उचलायला लावलीस. मामा नव्हता, सनई सुरू नव्हती, आणि नवरी वर आली. काय सुंदर दिसत होती पोरगी. ओठ हसत होते, पण डोळे कोणाकडेच नव्हते. जोराजोराने श्वास घेत होती. दोन पावलं चालली आणि भावाच्या अंगावर कलली. स्टेजमागे नेऊन तिला उलटी झाली. लिंबूपाणी आलं, कांदा आला, आत्याने वारा घातला. सगळ्या बायका एकच बोलत होत्या, "सकाळपासून उपास हाय न तिले. अन् शालूचं वजन किती!" थोड्या वेळाने ती सावरली, लग्न लागलं, जेवणं झाली. तिचं ते चालणं कापून बाकीचा व्हिडिओ सगळ्या मोबाईलवर फिरला. बंडूभाऊच्या तारखा भराभर बुक झाल्या.

तू जेवला नाहीस. मी मात्र जेवलो.

त्यानंतर तू ते मीटर मागवलंस, कमरेला लावायचं, गॅस वाढला की ओरडणारं. त्यावरून आपलं वाजलं. मी म्हटलं, एवढं कशाला, आमच्या शेतात विहिरीत माणूस उतरण्याआधी दोरीला बांधून कंदील सोडतात, विझला तर उतरायचं नाही. तसा खड्ड्यात एक दिवा ठेव. तू माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलंस. "शेठ, विहिरीतली हवा सरली असंन तं कंदील सांगते. हा गॅस तसा नोहे. दिवा जळत राहीन अन् माणूस खाली बसंन." मी म्हटलं, पूर्वापार चालत आलेली गोष्ट आहे ती. तू म्हणालास, "मेलेले सांगाले येत नाई न." आपण दोन दिवस बोललो नाही. अजूनही मला वाटतं, काहीच नसण्यापेक्षा दिवा बरा. पण आता भांडायला तू नाहीस.

तू मेन वालचं हँडल काढून घरी आणलंस. बंडूभाऊने पान्ह्याने वाल उघडला. मी सिलिंडर देणं बंद केलं, त्याने नागपूरहून मागवले. 'बिगर आवाजाचा पंखा' आज येतो, उद्या येतो. तो माणूस वाईट नाही, हीच तर पंचाईत आहे. त्याने डोळ्यांनी पाहिलंय की नवरी लिंबूपाणी पिऊन बरी होते.

मग तू पुढच्या तारखेच्या लग्नघरी गेलास. एकटाच. त्यांनी चहा दिला, तू खड्ड्याचं बोललास, आणि घरातला म्हातारा म्हणाला, "लग्नाच्या घरी मरणाचं कायले बोलता तुम्ही?" तू अर्धा कप तसाच ठेवून आलास. त्या शनिवारी माझ्या दुकानात तू तेच सांगत होतास. मी म्हणत होतो, बंडूभाऊलाच पटवू, लोकांच्या घरात जाऊन अभद्र बोलणं बरं नाही. तू म्हणत होतास, ज्याची पोरगी उतरते त्यालेच सांगितलं पाहिजे. शेवटी तू थकून म्हणालास, उद्या चहाले ये.

तुला जे कळायच्या आत तू गेलास ते आता ऐक.

विधी संपला, माणसं पांगली, आणि तुझी पोरगी मैत्री माझ्याजवळ येऊन बसली. रडून रडून डोळे सुजलेले. म्हणाली, "शेठकाका, माह्यं लग्न पुढं ढकलायचं नाई असं आईनं ठरवलं हाय. बाबाले आवडलं नसतं. अन् एक सांगू? मी बाबाले सांगितलंच नव्हतं, सरप्राइज होतं. मी बंडूभाऊचंच लॉन बुक केलं हाय. मले बाबाच्या धुरातून वर यायचं हाय."

माझ्या हातात पाण्याचा ग्लास होता. तो मी खाली ठेवला.

घरी तू एका अक्षराने बोलला नव्हतास. पंखा बसला की सांगू, असं तुझं चाललेलं असणार. आणि पोरीने मोबाईलवर तो व्हिडिओ पाहिला, खाली कोणीतरी लिहिलेलं वाचलं की ही कमाल आपल्या वर्ध्याच्या मिलिंदभाऊंची, आणि तिची छाती फुगली. ती शाळेत विज्ञान शिकवते. वर्गातल्या पोरांना तिने तो दाखवला होता.

मी तिला सांगू शकलो नाही, मिलिंद. बाप जाऊन किती दिवस झाले होते? एवढंच म्हटलं, आधी जाऊन नीट पाहू. आणि निघताना दारामागच्या खिळ्याजवळ गेलो. हँडल होतं, त्याच्याच खाली तुझं मीटर लटकत होतं. मी मीटर तिच्या हातात दिलं. हँडल तिथेच राहू दिलं.

आज दुपारी आम्ही गेलो. गेटवर झेंडूच्या फुलांत उद्याच्या नवरानवरीची नावं लावणं चालू होतं. बंडूभाऊ स्वतः पुढे आला, मैत्रीच्या डोक्यावर हात ठेवला. "पाह्य बेटा, तुह्या बाबाची करामत." ऑपरेटरला खूण केली, त्याने पान्हा लावला. काय धूर होता तो! भर उन्हात पाइपावर पांढरा शुभ्र बर्फ धरला, लोट स्टेजभर लोळले. मैत्रीचे डोळे भरून आले. हात पुढे करून ती धुराला शिवत होती. मला वाटलं, आता जर मी काही बोललो तर तुला हिच्याकडून दुसऱ्यांदा काढून घेतल्यासारखं होईल.

"अजून एकदा सोडा न भाऊ," ती म्हणाली. बंडूभाऊ खूश झाला. अजून एकदा, आणि अजून एकदा.

मग धूर विरला. खड्डा स्वच्छ दिसत होता. आतल्या भिंतींना लाल मखमल लावलेली, फळीवर उद्यासाठी फुलांची रांगोळी. ती शिडीकडे निघाली. मी तिचा हात धरला, म्हटलं, आधी हे सोड खाली. डेकोरेशनची सुतळी पडली होती, तिला मीटर बांधलं. विहिरीत कंदील सोडतात तसं तिने ते सोडलं. ते लाल मखमलीच्या कडेकडेने खाली गेलं, अर्ध्यावर पोचलं आणि ओरडायला लागलं.

काही दिसत नव्हतं रे. ऊन सरळ तळापर्यंत पोचलेलं, एक फूलही हललेलं नाही, आणि ते यंत्र किंचाळत होतं. मांडव बांधणारे थांबून पाहायला लागले. मैत्रीने सुतळी वर ओढली नाही. तशीच धरून उभी राहिली. कितीतरी वेळ ते थांबलं नाही.

"सेल उतरला असंन," बंडूभाऊ म्हणाला.

तिने त्याच्याकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं. "बाबाले मालूम होतं?"

तेव्हा मी सगळं सांगितलं. पंखा, मामाचा फेटा, लिंबूपाणी, तुझा अर्धा कप चहा. स्टेजच्या कडेला बसून ती ऐकत होती. मला वाटलं ती रडेल, निदान बंडूभाऊवर ओरडेल. ती फक्त म्हणाली, मी माझ्या लग्नात पायानं चालत येईन. मला हायसं वाटलं. तुझ्या पोरीचं टळलं होतं. म्हटलं, चल, घरी सोडतो.

गेटशी ती थांबली. फुलांतलं नवरीचं नाव तिने मोठ्याने वाचलं. मग नाव लावणाऱ्या माणसाला विचारलं, कुठली मंडळी? तो म्हणाला, सिंदी मेघेची. "शेठकाका, गाडी तिकडं घ्या."

मी तिला तुला सांगितलं होतं तेच सांगितलं, की लग्नघरी असं बोलू नये. ती म्हणाली, "मंग कुठं बोलायचं? दवाखान्यात?" मी गाडी वळवली.

हळद चालू होती. अंगणात पाट मांडलेला, नवरी पिवळीधमक, गाणी म्हणणाऱ्या बायका. नवरीची आई हळदीच्या हातांनीच बाहेर आली. आम्ही वऱ्हाडातले कोणी असू असं वाटून तिने बसायला सतरंजी दिली. मैत्रीने सगळं नीट, हळू आवाजात सांगितलं, मीटर दाखवलं. बाई ऐकत होती, पण लक्ष अर्धं पाटाकडे. मैत्रीने त्या आधीच्या नवरीला आलेली चक्कर सांगितली तेव्हा ती हसली. चेष्टेने नाही, मायेने हसली.

"अव बाई, नवरीले उपास रायते. चक्कर तं येतेच. मले बी आलती माह्या लग्नात."

मी उठलोच होतो. मिलिंद, तुला अर्ध्या चहावरून उठवणारा तो म्हातारा आणि ही बाई, यांच्यापुढे कोणाचं काय चालणार?

मैत्री उठली नाही. मीटर मांडीवर घेऊन म्हणाली, "बरं काकू. मंग मी बी उद्या तिच्यासंग खाली उतरतो. मामा येईपावतर तिथंच उभी राह्यतो."

"तू काऊन उतरशीन?"

"मी पोटभर जेवून येतो. मले उपास नाई. मंग पाहू चक्कर कोणाकोणाले येते."

बाईचं हसू तसंच राहिलं, पण डोळे बदलले. तिने पहिल्यांदा त्या मीटरकडे नीट पाहिलं. मग माझ्याकडे, मग पाटावरच्या पोरीकडे. पाटावर कोणीतरी नवरीच्या गालाला हळद फासत होतं आणि ती खिदळत होती.

तुला वर्षभर मांडता न आलेलं तुझ्या पोरीने दोन वाक्यांत मांडलं. आणि ती खोटं बोलत नव्हती, हे मला तिच्या चेहऱ्यावरून कळत होतं. आज चहाला तू हवा होतास.

हळदीचे हात अंगापासून दूर धरून ती बाई दाराकडे गेली. आत कोणालातरी म्हणाली, "गाणं थांबवा जरा. अन् पोरीच्या बाबाले बलावा."